विमानं काय बोलतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात उत्सवातल्या एका संध्याकाळी आपल्यापैकीच कुणीतरी बोलायचं अशी प्रथा आहे. मागे मधुमेहावर झालं, म्युच्युअल फंडावर झालं, चारधाम यात्रेवर स्लाइडसह झालं. यंदा सचिवांनी मला धरलं. मी सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातला डिप्लोमावाला माणूस. रिले आणि पॉइंट मशीनवर बोलायला लागलो तर निम्मी सभा प्रसादाच्या रांगेत जाऊन उभी राहील. म्हणून विषय घेतला तो कॉलनीतल्या मुलांनी दिलेला. डोक्यावरून कलाईकुंड्याची विमानं गेली की मुलं विचारतात, "काका, तुमच्याकडे वॉकीटॉकी आहे ना? मग लावा ना, ते वर काय बोलतात ते ऐकू."

खरगपूरचा आणि कलाईकुंड्याचा शेजार जुना आहे. टाटानगरच्या वाटेवर, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणावं असा तो हवाई दलाचा तळ. बी.एन.आर.च्या नावातच नागपूर असल्यामुळे आपल्यापैकी काहींची तिसरी पिढी इथे आहे, आणि त्या घरांतून १९६५ ची गोष्ट अजून सांगितली जाते. ७ सप्टेंबर १९६५ ला सकाळी ढाक्याहून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांनी कलाईकुंड्यावर हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली आपली कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमानं जाळली. त्याच दिवशी दुसरी तुकडी आली तेव्हा मात्र आपल्या १४ नंबर स्क्वाड्रनची दोन हंटर विमानं हवेत होती. फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि फ्लाइंग ऑफिसर ममगाईं हे दोघं चार सेबरना भिडले. कुक यांनी सेबर पाडलं. दोघांनाही वीरचक्र मिळालं. ही झुंज इतकी खालून झाली की गावातल्या आणि आयआयटीच्या लोकांनी ती गच्चीवरून पाहिली, असं जुने लोक सांगतात. पाहिली सगळ्यांनी. पण जमिनीवरून त्या दोघांना काय सांगितलं जात होतं, ते एकमेकांना काय म्हणत होते, यातलं अक्षरही खाली कुणाला कळलं नाही. आज बोलायचं आहे ते त्या न ऐकलेल्या बोलण्याविषयी.

मुलांना मी जे पहिलं सांगतो ते आपल्यालाही सांगून टाकतो. ते ऐकायचं नाही. आपल्या देशात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून विनापरवाना बिनतारी यंत्र जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो दंडक कायम ठेवला आहे. हा नुसता कागदावरचा कायदा नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात दोन ब्रिटिश पाहुण्यांना पोलिसांनी धरलं. त्यांनी धावपट्टी दिसेल अशी खोली मागितली होती, आणि त्यांच्याकडे दुर्बीण, कॅमेरा आणि विमानांचं बोलणं ऐकायचं यंत्र होतं. दोघं निघाले निव्वळ हौशी, विमानांचे नंबर टिपणारे. पण सुट्टीवर आलेल्या त्या बिचाऱ्यांना दंड भरून घरी जायला कित्येक आठवडे लागले. ज्याला बिनतारीची खरीच आवड आहे त्याच्यासाठी सरळ रस्ता आहे, हॅम परवान्याचा. केंद्र सरकारची परीक्षा असते आणि वयाची अट फक्त १२ वर्षांची. अर्थात हॅमवाल्यालाही त्याला नेमून दिलेल्या पट्ट्यांतच फिरावं लागतं. हवाई दलाच्या अंगणात त्यालाही मज्जाव आहे.

हा नाद फोफावला तो युरोप-अमेरिकेत. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात लेकनहीथ नावाचा तळ आहे, अमेरिकी लढाऊ विमानांचा. त्याच्या कुंपणाबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून, थर्मासमधला चहा पीत, वही आणि स्कॅनर घेऊन माणसं दिवसभर बसतात. आपल्याकडे रणजीच्या मॅचला स्कोअर लिहीत बसणारे आजोबा असतात ना, अगदी तीच जात. गंमत म्हणजे ब्रिटनमध्येही असं ऐकायला कायद्याने मनाईच आहे, पण कुंपणाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांना सहसा कुणी उठवत नाही. अमेरिकेत उघडं बोलणं ऐकायला सहसा आडकाठी नाही.

आता ते बोलणं असतं कुठे? आपण ज्या विमानाने पुण्याला किंवा नागपूरला जातो ते बोलतं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत. लष्करी विमानं प्रामुख्याने त्याच्या वरच्या मजल्यावर, २२५ ते ४००च्या पट्टीत. वरच्या पट्टीत एरियल लहान लागतं. ३०० मेगाहर्ट्झला तरंगाची लांबी एक मीटर, त्याची चौथाई पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीपेक्षाही आखूड. लढाऊ विमानाच्या अंगावर लांब काठी कशी टिकायची? शिवाय नागरी विमानांच्या गर्दीपासून सुटका.

ह्या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने जितकं उंच तितकं लांब. उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं, त्याला साधारण चारने गुणायचं, की किलोमीटरमध्ये पल्ला मिळतो. दहा हजार मीटरवरचं विमान चारशे किलोमीटरवर ऐकू येतं. पण दहा मीटर उंचीवरचं टॉवरचं एरियल? बारा-तेरा किलोमीटर, की संपलं. त्यामुळे लांब बसलेल्याला वैमानिकच ऐकू येतो, टॉवर नाही. सौभाग्यवती माहेरी फोनवर बोलत असताना आपण एकच बाजू ऐकतो आणि पलीकडून काय आलं असेल ते चेहऱ्यावरून ओळखतो, तसा प्रकार. दोन्ही बाजू ऐकायच्या तर तळाच्या जवळच जायला हवं. कुंपणाशी खुर्ची टाकण्याचं शास्त्रीय कारण हे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आमच्या खात्यातल्या लोकांना विशेष पटेल. विमानं अजून ए.एम. पद्धतीने बोलतात, जुन्या मीडियम वेव्ह रेडिओसारखी. आमचे रेल्वेचे सेट एफ.एम.वर. लोको पायलटकडे आणि गार्डसाहेबांकडे, म्हणजे २०२२ पासूनच्या ट्रेन मॅनेजरकडे, ५ वॉटचा सेट, स्टेशनवर २५ वॉटचा. एफ.एम.चा आवाज स्वच्छ, खरखर नाही. पण त्याची एक वाईट खोड आहे. दोघं एकदम बोलले तर जो जोरात तो एकटाच ऐकू येतो आणि दुसरा नाहीसाच होतो. मी एका दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना थंडीतल्या धुक्याच्या रात्री एका मालगाडीच्या गार्डला मधल्या डब्याखाली ठिणग्या दिसल्या. हॉट अ‍ॅक्सल. तो ड्रायव्हरला हाका मारत होता, आणि त्याच वेळी जवळचं स्टेशन भलत्याच गाडीशी लाइन नंबरवर चर्चा करत होतं. ड्रायव्हरला स्टेशन घंटेसारखं स्पष्ट ऐकू येत होतं. मागे गार्ड बोलतो आहे अशी त्याला शंकाही आली नाही. शेवटी गार्डने ब्रेकव्हॅनमधला व्हॉल्व्ह उघडून गाडी उभी केली. दुसऱ्या दिवशी सगळे सेट आमच्या टेबलावर तपासायला आले, आणि सगळे उत्तम चालत होते.

ए.एम.वर असं होत नाही. दोघं एकदम बोलले तर दोन्ही लहरी एकमेकींवर घासतात आणि कर्कश शिट्टी निघते. शब्द जातात, पण कुणीतरी दुसरा बोलत होता हे तरी कळतं. मग विचारता येतं. अर्थात विचारायला हवं. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांमधल्या टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसं गेली. टॉवर एका विमानाला थांबायला सांगत होता, आणि दुसरं विमान त्याच क्षणी 'आम्ही अजून पट्टीवरच आहोत' असं सांगत होतं. दोन्ही वाक्यांची मिळून पहिल्या विमानात ऐकू आली ती एक शिट्टी. त्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली सुद्धा, पण कप्तानाने ती उडवून लावली. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. 'टेक ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. एका शब्दाची ही किंमत आहे.

लष्करी बोलण्यात तर शब्द आणखी तोलूनमापून. अनोळखी विमान म्हणजे 'बोगी'. शत्रूचंच आहे अशी खात्री झाली की 'बँडिट'. समोरचं लक्ष्य डोळ्यांनी दिसलं तर 'टॅली', आपलाच साथीदार दिसला तर 'व्हिज्युअल', कारण या दोहोंत घोटाळा झाला तर आपलाच माणूस मरायचा. शस्त्रं संपली की 'विंचेस्टर'. 'फॉक्स टू' म्हणजे उष्णतेच्या मागावर जाणारं क्षेपणास्त्र सोडलं. आणि 'बिंगो' म्हटलं की आपल्या इन्स्टिट्यूटमध्ये हाऊजी आठवते, पण तिथे त्याचा अर्थ, घरी परतण्यापुरतंच इंधन उरलं आहे, आता वळलंच पाहिजे. हे शब्द काही गुप्त नाहीत, छापील पुस्तिकांत मिळतात. ते लपवण्यासाठी नाहीत, कमी वेळात चुकीशिवाय समजण्यासाठी आहेत. आपल्याकडे लाइन क्लिअर देताना आपण गप्पा मारतो का? तसंच.

मग प्रश्न असा की उघड्यावर बोलतातच कशाला? आणि कुंपणाशी बसलेल्या माणसाला त्यातून मिळतं काय? एकेका वाक्यातून काही मिळत नाही. टॉवर विचारतो, चाकं खाली आहेत का. वैमानिक सांगतो, आहेत. वारा इतका, पट्टी अमुक. पण अमेरिकी तळावर परतणारी विमानं आपल्या स्क्वाड्रनला आधीच विमानाची तब्येत कळवतात. 'कोड वन' म्हणजे ठणठणीत, 'कोड टू' म्हणजे बारीक तक्रार, 'कोड थ्री' म्हणजे दुरुस्तीशिवाय पुन्हा उडणार नाही. एका दिवशी हे ऐकलं तर करमणूक. सहा महिने वहीत लिहून ठेवलं तर कुठल्या स्क्वाड्रनची किती विमानं धडधाकट आहेत याचा हिशेब घरबसल्या तयार. आमच्या कंट्रोल ऑफिसमध्ये एक चार्ट असतो. त्यातली एकच रेघ पाहून काही कळत नाही, पूर्ण चार्ट पाहिला की डिव्हिजनची नाडी हातात येते. त्याचंच हे भावंडं.

हे ओळखून दुसऱ्या महायुद्धात सरकारी पातळीवर ऐकलं जात होतं. १९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, हॉकिंजच्या विमानतळाजवळ, जर्मन येणाऱ्या तरुण मुली कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि जर्मन वैमानिकांचं बोलणं टिपून घ्यायच्या. पुढे हे काम केंटमधल्या किंग्जडाउनला गेलं. जर्मन वैमानिक शत्रूच्या लढाऊ विमानांना 'इंडियानर' म्हणायचे आणि विमान पाडलं की 'होरिडो' ओरडायचे. या मुली शब्दांबरोबर आवाजही ओळखायला लागल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने, आयलीन क्लेटन बाईंनी, १९८० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जे आवाज त्या रोज ऐकायच्या त्यांतला एखादा अचानक किंचाळून बंद व्हायचा. शत्रूचा होता, तरी ओळखीचा झालेला होता. काय वाटत असेल त्या पोरींना, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

शांततेच्या काळातही सरकारांना या छंदाची भीती वाटते ती यामुळेच. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये कलामाता इथल्या हवाई तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी मंडळींना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. एप्रिल २००२ मध्ये शिक्षाही झाली. 'नंबर लिहून घेण्यात मजा ती काय?' हा प्रश्न ग्रीक न्यायालयाला पडला, आणि खरं सांगायचं तर माझ्या बायकोलाही पडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात ती मंडळी सुटली.

पण आता ज्या दोन घटना सांगतो त्यांच्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला. दोन्ही इटलीच्या ईशान्येला असलेल्या आव्हियानो या एकाच तळाशी जोडलेल्या आहेत. बोस्नियाच्या आणि कोसोव्होच्या काळात नाटोची विमानं तिथून उडत.

२ जून १९९५. आव्हियानोहून निघालेलं स्कॉट ओ'ग्रेडी नावाच्या कॅप्टनचं एफ-१६ विमान बोस्नियावर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. तो पॅराशूटने उतरला आणि सहा दिवस झाडीत लपून राहिला. पावसाचं पाणी प्यायला, पाला आणि मुंग्या खाल्ल्या. त्याच्याजवळ खिशात मावेल असा रेडिओ होता. पण रेडिओवर बोलणं म्हणजे मित्राबरोबर शत्रूलाही आपली दिशा सांगणं, आणि बॅटरीही मोजकी. म्हणून तो फार थोडं बोलत होता. संकटात हाक मारायच्या दोन जागतिक वाहिन्या आहेत. नागरी १२१.५ आणि लष्करी २४३.०, पहिलीची बरोबर दुप्पट. या वाहिन्यांवर कुलूप लावता येत नाही. लावलं तर बुडत्याची हाक कुलपाआड राहील.

८ जूनच्या मध्यरात्रीनंतर कॅप्टन थॉमस हॅनफर्ड गस्तीवर होता. गस्त संपली होती, पण थोडं इंधन शिल्लक होतं. ते संपेपर्यंत थांबायची परवानगी त्याने मागून घेतली आणि तो एकच हाक पुन्हा पुन्हा देत राहिला. 'बॅशर फाइव्ह टू.' बऱ्याच वेळाने अगदी क्षीण उत्तर आलं. आता पंचाईत अशी की उत्तर देणारा तोच कशावरून? उघड्या वाहिनीवर कुणीही इंग्रजीत 'मी इथे आहे' म्हणून बचावाची हेलिकॉप्टरं सापळ्यात ओढू शकतो. हॅनफर्डने विचारलं, कोरियात असताना तुझं स्क्वाड्रन कोणतं होतं? पलीकडून उत्तर आलं, 'जुव्हॅट्स.' बरोबर होतं. सकाळपर्यंत किअरसार्ज या जहाजावरून आलेल्या मरीन सैनिकांनी त्याला उचललं.

आमच्या लोकांच्या लक्षात आलंच असेल. हा आपला प्रायव्हेट नंबर! ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेशन मास्तर गेटमनला फोनवर गेट बंद करायला सांगतात तेव्हा नुसतं 'केलं' म्हणून चालत नाही. गेटमन आपल्याजवळच्या छापील कागदावरचा दोन आकडी नंबर सांगतो, मास्तर तो लिहून घेतात, आणि वापरलेला नंबर खोडला जातो. फोन कुणीही उचलेल, आवाज कुणीही काढेल, पण तो आकडा त्याच्याकडेच असतो. रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या गेटमनला या आकड्याचा कंटाळा येतो हे मी पाहिलेलं आहे. हॅनफर्डची गोष्ट मी त्यांना सांगतो. काहींना आवडते, काही म्हणतात, साहेब, आधी पंख्याचं बघा.

दुसरी घटना त्याच तळाची, पण उलट्या बाजूची. मार्च १९९९, कोसोव्होचं युद्ध. अमेरिकेचं एफ-११७ हे रडारला जवळजवळ न दिसणारं विमान तेव्हा आव्हियानोहून उडत होतं. तळाच्या कुंपणाबाहेर सार्वजनिक रस्ता. तिथे विमानं बघायला माणसं जमायची, टीव्हीवाले उड्डाणं दाखवायचे, आणि त्या गर्दीत सर्बियाला फोन करणारेही होते असं नंतरच्या अनेक वृत्तांतांत आलं आहे. विमानांचे मार्ग रात्रीमागून रात्र तेच. शिवाय हवेत वेगवेगळ्या देशांची विमानं. सगळ्यांकडे एकमेकांशी जुळणारी सांकेतिक यंत्रणा नाही, म्हणून पुष्कळ बोलणं उघड्यावर. ही शेवटची गोष्ट ऐकीव नाही. सुरक्षित संपर्क जुळत नसल्यामुळे उघड्या साधनांवर विसंबावं लागलं आणि मोहिमेच्या गुप्ततेला बाधा आली, असं अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेच २००० साली आपल्या अहवालात मान्य केलं.

२७ मार्च १९९९ च्या रात्री, म्हणजे टेनेरिफला बरोबर बावीस वर्षं झाली त्या तारखेला, सर्बियाच्या झोल्तान दानी या अधिकाऱ्याच्या तुकडीने जुन्या रशियन क्षेपणास्त्राने ते न दिसणारं विमान पाडलं. त्यात त्यांच्या जुन्या, लांब लहरींच्या रडारचा वाटा होता. रडार एका वेळी फक्त वीस सेकंद चालू ठेवायच्या शिस्तीचा वाटा होता. पण हे सगळं करायचं कधी आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसायचं, याला कान आणि वही लागतात. अब्जावधी डॉलर खर्चून विमान रडारपासून लपवलं, आणि त्याच्याभोवतीचं बोलणं मात्र उघडंच राहिलं.

त्या विमानाचा वैमानिक डेल झेल्को पॅराशूटने खाली येत होता. लोंबकळत असतानाच त्याने खिशातला रेडिओ काढून हाक दिली. मघाचं गणित आठवा. जमिनीवर उतरल्यावर त्याच रेडिओचा पल्ला काही किलोमीटर, वरून मात्र शेकडो. इतक्या धांदलीत त्याला ते वर्गमूळ सुचलं याचं मला आमच्या क्षेत्रातला माणूस म्हणून फार कौतुक वाटतं. पहाट होण्याआधी त्याला सोडवून नेलं.

मग सगळंच बोलणं सांकेतिक का करत नाहीत? लढाईचं बोलणं आता बरंचसं केलेलं आहे. १९८० च्या दशकापासून 'हॅव क्विक' नावाची पद्धत आहे. तीत दोन्ही सेट ठरलेल्या क्रमाने सेकंदात अनेक वेळा वाहिनी बदलत उड्या मारतात. क्रम ठाऊक नसलेल्याला तुटक खरखरीशिवाय काही लागत नाही. पण त्यासाठी दोघांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात. घड्याळ चुकलं, की आपलाच माणूस बाहेर. टॉवरचं, उतरण्याचं आणि संकटाचं बोलणं म्हणूनच अजून उघडं आहे. तिथे परदेशी विमान येऊ शकतं, इंधन संपलेलं नागरी विमान येऊ शकतं. आपल्या कलाईकुंड्यालाच २००५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये 'कोप इंडिया' सरावासाठी अमेरिकी विमानं आली होती. सगळ्यांना एकच भाषा आणि एकच उघडी वाहिनी नसेल तर पट्टीवर टेनेरिफ व्हायला वेळ लागणार नाही.

उघड्या बोलण्याला ऐकणाऱ्यापेक्षाही मोठा शत्रू आहे, तो म्हणजे दाबणारा. २७ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतरच्या हवाई चकमकीत आपल्या वैमानिकांना जमिनीवरून स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल मार्गदर्शन करत होत्या. त्यासाठी त्यांना युद्ध सेवा पदक मिळालं. विंग कमांडर अभिनंदन यांना मागे वळा म्हणून सांगितलं गेलं, पण शत्रूने गोंगाट करून ते बोलणं दाबलं, असं तेव्हा वृत्तपत्रांत छापून आलं. त्यानंतर असे दाबता न येणारे सेट लवकर घ्या म्हणून पुष्कळ लिहिलं गेलं. एका वाक्याची गोष्ट होती. पोचलं असतं तर साठ तास पाकिस्तानच्या ताब्यात काढावे लागले नसते.

झेल्को आणि दानी यांचं पुढे काय झालं ते राहिलं. दानी सैन्यातून निवृत्त झाल्यावर आपल्या गावी बेकरी चालवू लागले. ज्याला आपण पाडलं तो कोण, आणि ज्याने आपल्याला पाडलं तो कोण, ही उत्सुकता दोघांनाही होती. २०११ मध्ये झेल्को सर्बियाला गेले, बेकरीत गेले, दोघं भेटले, आणि पुढे दोन्ही कुटुंबांचं येणंजाणं सुरू झालं. त्यावर एक माहितीपटही निघाला. त्या विमानाचे तुकडे बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात ठेवलेले आहेत.

माइकवाले मघापासून खुणा करताहेत, आरतीसाठी त्यांना हा माइक हवा आहे. हॅम परीक्षेची चौकशी ज्या मुलांना करायची असेल त्यांनी प्रसाद घेतल्यावर मागच्या खुर्च्यांजवळ यावं, अभ्यासक्रमाचा कागद मी आणला आहे.

गणपती बाप्पा मोरया!